अंध सैनिकांची संस्था चालवते कोण? ‘सेंट डन्स्टन्स’च्या नेतृत्वाची घडण

सैनिक आणि माजी सैनिक यांच्यासाठी काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या धर्मादाय संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला, की सुरुवातीलाच नावांची आणि पदांची रांग दिसते: आश्रयदाते, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, विश्वस्त, मुख्य कार्यकारी अधिकारी, सल्लागार. यांपैकी निर्णय कोण घेते, पैशाचा हिशेब देण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची असते आणि केवळ मान म्हणून कोणाचे नाव छापलेले असते, हे देणगी देणाऱ्याला सहसा कळत नाही. आणि ज्या जखमी सैनिकासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो, त्याचा या रांगेत कोठे शब्द चालतो का, हे तर विचारलेही जात नाही. लंडनमध्ये १९१५ साली सुरू झालेल्या ‘सेंट डन्स्टन्स’ या संस्थेचा इतिहास पाहिला, तर ही सर्व पदे कशासाठी असतात हे चांगले उलगडते. लढाईत दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ही संस्था निघाली. आज ती ‘ब्लाइंड व्हेटरन्स यूके’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या धर्तीवरचे एक वसतिगृह एके काळी आपल्या देहरादूनमध्येही होते.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढताच गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा तोंडावर बसे, त्यामुळे डोळ्यांच्या जखमा मोठ्या प्रमाणावर होत, आणि पुढे विषारी वायूने त्यांत भर घातली. अशा सैनिकांना लंडनच्या चेल्सी भागातील ‘सेकंड लंडन जनरल हॉस्पिटल’मध्ये एकत्र आणले जाई. जखम भरून येई, पण त्यानंतर काय, याचे उत्तर रुग्णालयाकडे नव्हते. सरकार निवृत्तिवेतन देई. ते आरंभी माणसाची कमावण्याची क्षमता किती उरली यावर ठरे आणि १९१७च्या शाही आदेशानंतर ते जखमेच्या स्वरूपावर ठरू लागले. दोन्ही डोळे गेलेल्या साध्या शिपायाला या आदेशाने आठवड्याला २७ शिलिंग ६ पेन्स मिळू लागले. हा बदल लहान वाटला, तरी त्याचा अर्थ मोठा होता. धंदा शिकून कमाई सुरू केली, तर निवृत्तिवेतन कापले जाईल ही भीती त्यामुळे गेली. परंतु धंदा शिकवायचा कोणी, कोठे आणि कसा, हा भाग सरकारने हाती घेतलेला नव्हता. धर्मादाय संस्थेची गरज नेमकी या फटीत निर्माण होते, आणि अशा कोणत्याही संस्थेबद्दल वाचताना ती कोणती फट भरते हे आधी समजून घेतले, की तिच्या नेतृत्वाकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपोआप स्पष्ट होते.

ही फट ज्यांना दिसली ते सर आर्थर पिअर्सन हे पेशाने वृत्तपत्रांचे मालक होते. १९०० साली त्यांनी ‘डेली एक्सप्रेस’ सुरू केला. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. १९०८ साली झालेल्या शस्त्रक्रियेचाही उपयोग झाला नाही. वृत्तपत्रांचा व्याप सोडून ते अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत आले आणि तिच्यासाठी निधी उभारू लागले. युद्ध सुरू झाले, तेव्हा पैसा कसा गोळा करायचा, लोकांपर्यंत कसे पोहोचायचे आणि अंधत्व म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय, या तिन्ही गोष्टी जाणणारा माणूस इंग्लंडमध्ये तयार होता. संस्थापक म्हणून पिअर्सन यांचे मोठेपण मला याच संगमात दिसते. केवळ दयाळू असलेले श्रीमंत त्या काळी पुष्कळ होते.

पिअर्सन किंवा त्यांचे सहकारी रुग्णालयात जाऊन नव्याने अंध झालेल्या सैनिकाच्या खाटेशी बसत आणि त्याला एक घड्याळ देत. त्या घड्याळाची काच उघडता येई, तबकडीवर उंचावलेले ठिपके असत आणि बोटाने काटे चाचपून वेळ सांगता येई. अंथरुणावर पडलेल्या माणसाला दिवस आहे की रात्र हेही दुसऱ्याला विचारावे लागत होते. घड्याळ हातात आल्यावर निदान एक गोष्ट तरी तो कोणाच्या मदतीवाचून करू शकत असे. अंध माणसाच्या मनातील पहिली अडचण ओळखून तिच्यावर पहिल्याच भेटीत उपाय देणे, हे डोळस कार्यवाहांच्या समितीला सुचले असते का, याविषयी मला शंका आहे. सैनिकांसमोर कीव करणारी भाषा वापरू नये, असाही पिअर्सन यांचा कटाक्ष असे.

आरंभीच्या छोट्या जागेतून संस्था मार्च १९१५मध्ये रीजंट्स पार्कमधील एका प्रशस्त हवेलीत गेली. ही हवेली अमेरिकी वित्तव्यावसायिक ऑटो कान यांनी वापरायला दिली होती आणि तिच्याच नावावरून संस्थेचे नाव पडले. खोल्यांतून चालण्याच्या वाटा पायांना कळाव्यात म्हणून गालिच्यांवर लिनोलियमच्या पट्ट्या घातल्या होत्या आणि बागेत आधाराचे कठडे होते. दिवसाचा काही वेळ ब्रेल आणि टंकलेखन यांना दिलेला असे आणि काही वेळ एखाद्या धंद्याला: टोपल्या विणणे, पायपुसणी करणे, जोडे दुरुस्त करणे, सुतारकाम, मसाज म्हणजे अंगमर्दनोपचार, दूरध्वनी केंद्रावरील काम, कोंबड्या पाळणे. कोंबड्यांच्या जाती केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखायला शिकवले जाई. टंकलेखनाची परीक्षा पार पाडणाऱ्याला टंकलेखनयंत्र कायमचे भेट मिळे. शिकवणाऱ्यांत अनेकजण स्वतः अंध होते, आणि नुकताच धंदा शिकलेला सैनिक नव्याने आलेल्याला शिकवू लागे. नेतृत्वाचा विचार करताना ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या पिढीचे नेते तयार होण्याची जागा हीच होती.

आता पदांकडे वळू. युद्धकाळात ब्रिटनमध्ये सैनिकांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या संस्थांचे पेव फुटले होते आणि त्यांतल्या काहींचा हिशेब कोणालाच मिळत नव्हता. म्हणून १९१६ साली ‘वॉर चॅरिटीज ॲक्ट’ हा कायदा झाला. नोंदणी केल्याशिवाय युद्धकार्यासाठी जाहीर वर्गणी मागता येणार नाही, संस्थेचा कारभार एकट्यादुकट्याच्या हाती न राहता किमान तीन जणांच्या जबाबदार समितीकडे असला पाहिजे, बैठकींची इतिवृत्ते आणि पैशाचे हिशेब ठेवले पाहिजेत, असे त्याचे सार होते. आजच्या विश्वस्त मंडळांमागील विचार यात स्वच्छ दिसतो. संस्थापकाची तळमळ कितीही खरी असली, तरी लोकांनी दिलेला पैसा हा त्याचा पैसा नसतो. तो समितीच्या ताब्यात असतो आणि समिती त्याबद्दल उत्तरदायी असते.

इंग्लंडच्या आजच्या व्यवस्थेत ही विभागणी अशी आहे. विश्वस्त हे संस्थेचे कायदेशीर चालक असतात. सर्वसाधारणपणे ते मानधन घेत नाहीत, संस्था कोणत्या दिशेने जाईल आणि निधी कशावर खर्च होईल हे ते ठरवतात, आणि गैरव्यवहार झाल्यास पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो. त्यांच्या बैठका चालवतो तो कार्याध्यक्ष. मुख्य कार्यकारी अधिकारी हा पगारी नोकर असतो. रोजचे काम, कर्मचारी, केंद्रे, निधिसंकलन हे सर्व त्याच्याकडे असते, परंतु त्याला नेमणे आणि काढणे विश्वस्तांच्या हाती असते. अध्यक्षपद पुष्कळ ठिकाणी मानाचे असते. आश्रयदाता, मग तो राजघराण्यातला का असेना, संस्थेला प्रतिष्ठा देतो, पण कारभारात त्याला कायद्याने काही अधिकार नसतो. ठरावीक रकमेहून अधिक उत्पन्न असलेल्या संस्थांना ‘चॅरिटी कमिशन’कडे वार्षिक हिशेब द्यावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. मोठ्या संस्थांना साठ हजार पौंडांहून अधिक पगार घेणारे कर्मचारी किती, हेही जाहीर करावे लागते.

मानाचे पद आणि कामाचे पद यांतील फरक सेंट डन्स्टन्समध्ये एका दुर्घटनेनंतर ठळक झाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी पिअर्सन स्नानगृहात घसरून पडले, डोक्याला मार बसून बेशुद्ध झाले आणि पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. संस्था सर्वस्वी त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती, त्यामुळे ती कोलमडणे अशक्य नव्हते. तसे झाले नाही, याचे श्रेय पुढच्या निवडीला आहे. अध्यक्षपद पिअर्सन यांच्या पत्नी डेम एथेल यांच्याकडे गेले आणि त्यांच्यानंतर ते त्यांचे चिरंजीव सर नेव्हिल यांच्याकडे आले. घराण्याचे नाव आणि देणगीदारांशी असलेले संबंध त्यामुळे टिकले. प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे मात्र घराण्याबाहेरच्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाकडे देण्यात आली. आपल्याकडे संस्थापकाच्या पश्चात मान आणि सत्ता दोन्ही एकाच घरात ठेवण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिच्याशी ताडून पाहता हा निर्णय किती समंजस होता हे लक्षात येते.

तो तरुण म्हणजे इयन फ्रेझर. जन्म १८९७चा, बालपण दक्षिण आफ्रिकेत गेलेले, सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून बाहेर पडून थेट आघाडीवर. जुलै १९१६मध्ये सॉमच्या लढाईत गोळी लागून वयाच्या अठराव्या वर्षी दोन्ही डोळे गेले. चेल्सीच्या रुग्णालयात पिअर्सन यांचा निरोप पोहोचवण्यासाठी त्यांना भेटायला आलेल्या आयरीन मेस यांच्याशी पुढे १९१८ साली त्यांचा विवाह झाला. प्रशिक्षण संपल्यावर फ्रेझर संस्थेतच कामाला लागले आणि त्यांच्याकडे ‘आफ्टर-केअर’, म्हणजे प्रशिक्षणानंतरच्या पाठपुराव्याचा विभाग आला.

या विभागाकडे बाहेरच्या लोकांचे लक्ष फारसे जात नाही, पण संस्थेचे यश मला येथे दिसते. टोपल्या विणायला शिकलेला सैनिक आपल्या गावी परतल्यावर त्याला वेत घाऊक भावात मिळणार कसा? विणलेल्या टोपलीत दोष राहिला, तर तो त्याला दाखवणार कोण? माल खपला नाही, तर दुकानदाराशी बोलणार कोण? आफ्टर-केअर विभाग कच्चा माल एकत्र खरेदी करून पाठवी, जाणकार तपासनीस घरोघरी जाऊन कामाचा दर्जा पाहत आणि तयार माल विकण्याची व्यवस्था संस्था करी. सैनिकाच्या हयातीपर्यंत हे नाते राही. देणगीदाराला वसतिगृहाची इमारत दाखवता येते, हा पाठपुरावा छायाचित्रात मावत नाही. म्हणूनच त्यावर पैसा खर्च करायला नेतृत्वाला ठाम राहावे लागते. या विभागातून आलेला माणूस संस्थेचा कार्याध्यक्ष झाला, याचा परिणाम पुढची पन्नास वर्षे दिसत राहिला.

फ्रेझर १९२१ ते १९७४, म्हणजे मृत्यूपर्यंत, कार्याध्यक्ष होते. १९२४मध्ये ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले, बीबीसीच्या नियामक मंडळावर होते, १९४७ ते १९५८ या काळात माजी सैनिकांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या ‘ब्रिटिश लीजन’चे अध्यक्ष होते, आणि १९५८मध्ये तहहयात सरदारकी देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही सन्मानितांत त्यांचा समावेश झाला. या पदांचा उपयोग त्यांनी निवृत्तिवेतनाचे प्रश्न संसदेत मांडण्यासाठी केला. धर्मादाय संस्थेच्या नेत्याचे हे दुसरे काम असते: स्वतःच्या निधीतून मदत करत असतानाच, जे सरकारचे कर्तव्य आहे ते सरकारकडून करून घेणे.

‘बोलकी पुस्तके’ हीदेखील बऱ्याच अंशी त्यांच्याच आग्रहाची फलश्रुती. प्रौढ वयात अंध झालेल्या अनेकांना ब्रेल जलद वाचणे जमत नाही, आणि हात गमावलेल्यांना तर ते शक्यच नसते. ग्रामोफोनच्या तबकडीवर पुस्तक वाचून घ्यावे, ही कल्पना फ्रेझर यांनी पहिल्या युद्धानंतर लवकरच धरली होती, पण त्या काळच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच संपे. मिनिटाला २४ फेरे घेणारी आणि एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावणारी तबकडी तयार झाल्यावर १९३५मध्ये राष्ट्रीय अंध संस्था आणि सेंट डन्स्टन्स यांनी ही सेवा सुरू केली. एक कादंबरी साधारण दहा तबकड्यांत बसे. आज कोणीही भ्रमणध्वनीवर पुस्तक ऐकतो, त्याची एक मुळी या खटपटीत आहे.

तरीही एकाच व्यक्तीने त्रेपन्न वर्षे कार्याध्यक्ष राहणे मला योग्य वाटत नाही. फ्रेझर यांच्या बाबतीत त्यातून सातत्य लाभले, हे खरे. परंतु इतका दीर्घ काळ एकच माणूस प्रमुख असला, की त्याच्या मताविरुद्ध बोलणारे विश्वस्त मंडळावर राहत नाहीत, आणि विश्वस्त मंडळाचे मुख्य काम प्रश्न विचारणे हेच असते. आज उत्तम चालणाऱ्या संस्था विश्वस्तपदाला मुदत घालून देतात, हे योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट या इतिहासात अवघडच राहते. युद्धात अंध झालेल्यांसाठी रीजंट्स पार्कमध्ये जे मिळत होते, ते जन्मांध कामगाराला किंवा कारखान्यातील अपघातात डोळे गमावलेल्याला मिळत नव्हते. अंध कामगारांच्या संघटनेने एप्रिल १९२०मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील शहरांतून लंडनपर्यंत पायी मोर्चा काढला. दान नको, न्याय हवा, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने अंधांसाठी वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचे वय ७० वरून ५० वर आणले आणि त्यांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक शासनसंस्थांवर टाकली. सैनिकांविषयी समाजाला वाटणारी कृतज्ञता ही मोठी शक्ती आहे. तिचा लाभ इतर अंधांपर्यंत पोहोचवणे हे त्या संस्थेच्या नेत्यांचे काम होते की नाही, यावर मतभेद होऊ शकतात, पण बोलक्या पुस्तकांची सेवा सर्व अंधांना खुली ठेवली गेली, हे फ्रेझर यांच्या बाजूने सांगायला हवे.

भारताशी या संस्थेचा संबंध आला तो सर क्लूथा मॅकेन्झी यांच्यामुळे. न्यूझीलंडचे हे सैनिक ऑगस्ट १९१५मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत चुनुक बैरच्या टेकडीवर अंध झाले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. सेंट डन्स्टन्समध्ये शिकून ते मायदेशी परतले, संसदेत गेले आणि ऑकलंडच्या अंध संस्थेचे संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यातील जवानही आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात लढत होते आणि त्यांच्यातही अंध होऊन परतणारे होते. त्यांच्यासाठी १९४३ साली देहरादूनमध्ये सेंट डन्स्टन्सच्या धर्तीवर वसतिगृह उघडण्यात आले आणि त्याची जबाबदारी मॅकेन्झी यांनी सांभाळली. लंडनमध्ये बसवलेली घडी येथे जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. शिकायला येणारे जवान निरनिराळ्या प्रांतांतले आणि भाषांचे, बहुतेक शेतकरी घरांतले होते, आणि भारतीय भाषांसाठी तेव्हा वेगवेगळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. एका पद्धतीत शिकलेल्याला दुसरीतले पुस्तक वाचता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली हे वसतिगृह भारत सरकारकडे आले आणि तेथे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९५१मध्ये भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती ठरली आणि त्याच सुमारास देहरादूनला मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालयही उभे राहिले. आज अंध मराठी मुले शाळेत ज्या ब्रेलमध्ये वाचतात, ती हीच भारती ब्रेल. मॅकेन्झी पुढे युनेस्कोच्या जागतिक ब्रेल परिषदेचे अध्यक्ष झाले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयात या क्षेत्राची धुरा पुढे अनेक वर्षे ज्यांनी वाहिली, ते लाल अडवाणीही स्वतः दृष्टिहीन होते. सैनिकांसाठी निघालेले देहरादूनचे ते वसतिगृह आता सर्व दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था झाले आहे. लंडनमध्ये जो भेद अवघड ठरला होता, तो येथे संस्था सरकारकडे गेल्यामुळे मिटला.

इंग्लंडमधल्या मूळ संस्थेचेही स्वरूप पालटले. पूर्वी लढाईत किंवा सेवेत असताना दृष्टी गेलेल्यांनाच प्रवेश होता. आता पूर्वी कधीतरी सैन्यात सेवा केलेली आणि पुढे वार्धक्याने किंवा आजाराने दृष्टी गमावलेली व्यक्तीही तेथे मदत मागू शकते. २०१२ साली संस्थेने नाव बदलले. लाभार्थी बहुतांशी वृद्ध असल्याने आजचे प्रश्न धंदेशिक्षणाचे नसून एकटेपणाचे, घरातल्या घरात सुरक्षित वावरण्याचे आणि संगणक-भ्रमणध्वनी वापरता येण्याचे आहेत, आणि त्यासाठी लागणारे नेतृत्वही त्यामुळे निराळे आहे: वैद्यक, पुनर्वसन आणि वित्त जाणणारे व्यावसायिक.

महाराष्ट्रात सैनिक कल्याणाचा मोठा भाग सरकारी चौकटीत चालतो. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जमणाऱ्या निधीच्या संकलनाचे काम जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली होते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांपर्यंत योजना पोहोचवते. त्याच्या जोडीला खाजगी विश्वस्त संस्था आहेत. त्यांतली खडकीची ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ सेंट डन्स्टन्सनंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात सुरू झाली आणि अपंग सैनिकांना ती आजही तांत्रिक शिक्षण देते. अशा कोणत्याही संस्थेला देणगी देण्यापूर्वी तिची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली झालेली असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मिळवता येतो. विश्वस्तांची नावे त्यात असतात, आणि विश्वस्त बदलले असतील, तर त्याचा चेंज रिपोर्ट दाखल होऊन मंजूर झाला आहे का, हेही तेथे कळते. नावे पाहून झाल्यावर त्यांतले माजी सैनिक किती, जखमी होऊन निवृत्त झालेले किती आणि एकाच आडनावाचे किती, हे मोजावे. आणि संस्थेच्या कार्यालयात गेल्यावर इमारत पाहण्याआधी, प्रशिक्षण संपवून गेलेल्या सैनिकांशी संस्थेचा संपर्क कोण ठेवते, त्या माणसाला भेटता येईल का, असे विचारावे.